पी-व्हॅल्यू पटत नाही, एरर बार सगळे सारखे: एम.एस्सी. प्रोजेक्टचा डेटा कुठे बिघडतो ते शोधण्याचा क्रम

मार्च-एप्रिल आला की सोलापुरात जीवशास्त्राच्या प्रत्येक विभागात तेच ते प्रश्न फिरायला लागतात. विषय वेगवेगळे असतात: डाळिंबावरचा तेल्या (जिवाणूंमुळे डाग पडणारा रोग), सिद्धेश्वर तलावाचं पाणी, मालदांडी ज्वारीची उगवण, कापड रंगवण्याच्या पाण्यातला रंग काढणारे जिवाणू. डेटाचं दुखणं मात्र दहा-बारा प्रकारांपलीकडे जात नाही. बहुतेक जण दुखणं चुकीच्या जागी शोधतात. "एक्सेलमध्ये येत नाही, आता एसपीएसएसमध्ये टाकून बघू" असं म्हणून सॉफ्टवेअर बदलतात. सॉफ्टवेअर बदलून फारसं काही हाती लागत नाही, कारण चूक टेस्टच्या आधीच झालेली असते. ती शीटमध्ये असते, ग्राफच्या सेटिंगमध्ये असते, नाहीतर एन, म्हणजे स्वतंत्र नमुन्यांची संख्या, किती धरला त्यात असते.

आधी लक्षणं बघा. यातलं एक जरी जुळलं तरी पुढच्या तपासण्या पहिल्यापासून, क्रमानेच करा. मधूनच उडी मारली की दोन चुका एकमेकींना झाकतात.

लक्षणं

- कॅल्क्युलेटरवर काढलेली सरासरी आणि एक्सेलची सरासरी जुळत नाही.
- चार ग्रुप असताना ग्राफमध्ये पाच दिसतात आणि त्यातले दोन "कंट्रोल" असतात.
- सगळ्या बारवरचे एरर बार (आकड्यांचा पसारा दाखवणाऱ्या उभ्या रेघा) एकाच उंचीचे आहेत.
- एरर बार शून्याच्या खाली जातो. कॉलनी कधी उणे नसतात, तरी जातो.
- तोच डेटा तुम्ही केला तर पी-व्हॅल्यू (खरा फरक नसताना एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०३, मैत्रिणीने केला तर ०.२१.
- स्टँडर्ड कर्व्हचा (माहीत असलेल्या प्रमाणांवरून काढलेल्या मोजणीच्या रेघेचा) आर-स्क्वेअर, म्हणजे रेघ ठिपक्यांवर किती चपखल बसते त्याचं माप, ०.९९ आहे, पण नमुन्यातलं प्रोटीन अशक्य इतकं कमी किंवा जास्त येतं.
- डोळ्यांना फरक जेमतेम दिसतो, तरी पी ०.००१ च्या खाली.
- उलट, फरक ढळढळीत दिसतो आणि पी ०.३ च्या वर.
- परीक्षक विचारतात, "एन किती?" आणि उत्तर देताना अडखळायला होतं.

तपासणी १: मूळ फाइल बाजूला काढा (एक मिनिट)

फाइलची कॉपी करा, नावात तारीख आणि "मूळ" टाका, ती रीड-ओन्ली करा आणि स्वतःला मेल करून ठेवा. पुढची सगळी कापाकापी दुसऱ्या कॉपीवर. क्षुल्लक वाटतं. पण सॉर्ट करताना एकच कॉलम निवडला गेला आणि आकडे एका नमुन्याचे, नावं दुसऱ्याची असं झालं, तर ती चूक कोणतीही टेस्ट पकडत नाही. मूळ कॉपी नसेल तर प्रयोगवहीवरून सगळं पुन्हा टाइप करण्यावाचून इलाज नाही.

तपासणी २: आकडे खरोखर आकडे आहेत का? (दहा मिनिटं)

कॉलम मुद्दाम रुंद करा. एक्सेलमध्ये आकडा उजवीकडे चिकटतो आणि मजकूर डावीकडे. सगळे आकडे उजवीकडे असताना दोन-तीन डावीकडे सरकलेले दिसले तर ते एक्सेलच्या लेखी आकडे नाहीत. सरासरीचा फॉर्म्युला त्यांना न सांगता वगळतो. एररसुद्धा येत नाही, हीच त्यातली खोच.

पक्की खात्री करायला एकाच रेंजवर काउंट आणि काउंटए हे दोन्ही फॉर्म्युले लावा. काउंट फक्त आकडे मोजतो, काउंटए रिकामे नसलेले सगळे सेल मोजतो. ३० आणि ३० आले तर ठीक. २७ आणि ३० आले तर तीन सेल मजकूर आहेत. कारणं ठरलेली असतात: आकड्यापुढे टाइप केलेलं "मिमी", ओ अक्षर आणि शून्य यांची अदलाबदल, दशांश टिंबाऐवजी स्वल्पविराम, देवनागरीत टाइप केलेला एखादा अंक, किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून चिकटवताना सोबत आलेली अदृश्य जागा. साधी जागा ट्रिम फॉर्म्युल्याने जाते. वेबपेजवरून आलेली जागा मात्र वेगळ्या जातीची असते (कॅरेक्टर क्रमांक १६०) आणि ट्रिमला ती दिसतच नाही. तिच्यासाठी सबस्टिट्यूट वापरा आणि कॅर १६० च्या जागी काहीच नाही असं लिहा.

ग्रुपच्या नावांचंही हेच. "कंट्रोल" आणि शेवटी एक जागा असलेलं "कंट्रोल" हे सॉफ्टवेअरसाठी दोन ग्रुप आहेत. फिल्टर लावून यादी उघडा. चार ट्रीटमेंट असतील तर यादीत चारच नावं दिसायला हवीत.

तारखांचा घोळ यातच येतो. नमुन्याला "१-२" असा कोड दिला (पहिलं झाड, दुसरं पान) तर एक्सेल त्याची एक फेब्रुवारी करून टाकतं. "२ई३" असा कोड दिला की २००० होतं. हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. सेप्ट आणि मार्च या नावांच्या मानवी जीन्सची एक्सेल इतकी वर्षं तारीख करत राहिलं की २०२० साली त्या जीन्सची अधिकृत नावंच बदलून सेप्टिन आणि मार्चएफ अशी करावी लागली. एकदा तारीख झाली की सेलचा फॉरमॅट बदलून मूळ कोड परत येत नाही, पाच आकडी संख्या येते. म्हणून टाइप करण्याआधीच कॉलमचा फॉरमॅट टेक्स्ट करा, नाहीतर कोडच "झा१पा२" असा ठेवा.

तपासणी ३: शून्य, रिकामं आणि "दिसलं नाही" (पंधरा मिनिटं, प्रयोगवही हवी)

सरासरी काढताना रिकामा सेल वगळला जातो, शून्य मोजलं जातं. प्लेट दूषित झाली म्हणून आकडा नसेल तर सेल रिकामा हवा. मोजलं आणि काहीच सापडलं नाही तर शून्य. उपकरणाच्या मोजमर्यादेखाली असेल तर तो तिसरा प्रकार, त्याची वेगळ्या कॉलममध्ये नोंद करा.

झोन ऑफ इनहिबिशनमध्ये (औषधाच्या डिस्कभोवती जिवाणू न वाढलेल्या वर्तुळात) हा गोंधळ सर्वात जास्त होतो. डिस्कचा व्यास ६ मिमी. झोन आलाच नाही तर एक जण शून्य लिहितो, दुसरी सहा लिहिते, कारण ती डिस्कसकट मोजते. दोघांचे आकडे एकाच कॉलममध्ये गेले की एसडी (स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकड्यांच्या पसाऱ्याचं माप) फुगतो आणि खरा फरक त्यात बुडतो. मोजणी डिस्कसकट की डिस्क वगळून, हे एकदा ठरवा, सगळ्या प्लेटना तेच लावा आणि मेथडमध्ये एका ओळीत लिहा. फळ्यावर लिहून ठेवलं तर आणखी बरं.

रंग काढण्याच्या प्रयोगात टक्केवारी उणे आली तर फॉर्म्युल्यावर शंका घेण्याआधी क्युव्हेट (मोजणीची छोटी पारदर्शक नळी) बघा. जिवाणूंच्या पेशी नीट खाली बसवल्या नसतील तर गढूळपणाच अ‍ॅब्झॉर्बन्स वाढवतो. सेंट्रिफ्यूज करून वरचं स्वच्छ पाणी पुन्हा मोजा.

आणि "हा आकडा वेगळाच दिसतो" म्हणून तो काढू नका. काढायचा असेल तर वहीत त्याच दिवशी लिहिलेलं कारण हवं: प्लेट पडली, बुरशी आली, पिपेट गळत होतं. ग्राफ पाहिल्यानंतर सुचलेलं कारण धरायचं नाही.

तपासणी ४: एरर बार (पंधरा मिनिटं)

सोलापुरातच कशाला, कुठल्याही विभागात भिंतीवरचे पोस्टर बघा, ही चूक हमखास सापडते. एक्सेलच्या ग्राफशेजारच्या अधिकच्या चिन्हावर क्लिक करून "एरर बार्स" वर टिक केली की बार लगेच येतात आणि काम झालं असं वाटतं. पण एक्सेलला तुमचे रेप्लिकेट (एकाच ट्रीटमेंटच्या स्वतंत्र पुनरावृत्ती) माहीतच नसतात. त्याला दिलेल्या असतात फक्त चार ट्रीटमेंटच्या चार सरासरी. त्या चार सरासरींवरून ते एकच स्टँडर्ड एरर काढतं आणि चारही बारवर तोच चिकटवतं. म्हणून सगळ्यांची उंची सारखी. त्या बारचा तुमच्या प्रयोगाशी काही संबंध नसतो.

दुरुस्ती अशी. शीटमध्ये प्रत्येक ट्रीटमेंटची सरासरी, तिच्याशेजारी तिचा एसडी. मग एरर बारच्या "मोअर ऑप्शन्स" मध्ये जाऊन "कस्टम", तिथून "स्पेसिफाय व्हॅल्यू", आणि अधिक-उणे दोन्ही चौकटींत एसडीची रेंज द्या. चौकटीत आधीपासून असलेला आकडा पुसायला विसरू नका, नाहीतर एक्सेल रुसतं.

आता कोणता आकडा द्यायचा? एक छोटं उदाहरण घ्या. झोन १४, १६ आणि १८ मिमी. सरासरी १६. पुढे अधिक-उणे काय लिहाल?

एसडी काढणाऱ्या स्टडेव्ह-एस फॉर्म्युल्याने २ येतं. स्टडेव्ह-पी ने १.६३. एसईएम, म्हणजे एसडी भागिले एनचं वर्गमूळ, १.१५. आणि ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल काढला तर ४.९७, कारण एन तीनच असताना टी चा गुणक १.९६ नसतो, ४.३० असतो. तेच तीन आकडे आणि चार वेगवेगळे बार. सगळ्यात आखूड बार एसईएमचा दिसतो म्हणून तोच लावायची रीत पडली आहे. ते चूक नाही, पण खाली काय लावलं ते लिहिलं नाही तर वाचणाऱ्याची फसवणूक होते. स्टडेव्ह-पी इथे कधीच नको. तो अख्खी लोकसंख्या मोजली असेल तेव्हाचा, आणि तुम्ही तर तीन प्लेट मोजल्या आहेत.

एन तीन ते पाच असेल तर आमचं मत सरळ आहे: बार चार्टचे खांब आखूच नका. प्रत्येक रेप्लिकेटचा ठिपका आणि सरासरीची आडवी रेघ पुरेशी आहे. तीन ठिपके झाकायला एवढा मोठा रंगीत खांब कशाला?

एरर बार शून्याखाली जात असेल तर एसडी सरासरीपेक्षा मोठा आहे. सीएफयूमध्ये (कॉलनी मोजून काढलेल्या जिवंत जिवाणूंच्या संख्येत) हे नेहमीचं, कारण कॉलनींची संख्या पटीत वाढते. प्रत्येक रेप्लिकेटचा सीएफयू काढा, त्याचा लॉग १० घ्या आणि सरासरी, एसडी, टेस्ट सगळं लॉगवर करा. आधी सरासरी काढून मग लॉग घेणं वेगळं, ते नको. आणि ३० ते ३०० च्या बाहेरच्या प्लेट मोजल्या असतील तर त्या आधी वगळा. ४ कॉलनींच्या प्लेटला दहा लाखांनी गुणून आलेल्या आकड्यात गोंगाटच जास्त.

तपासणी ५: स्टँडर्ड कर्व्ह (अर्धा तास)

लोरी, ब्रॅडफर्ड, डीएनएस (प्रोटीन किंवा साखर रंगावरून मोजायच्या पद्धती), काहीही असो. आर-स्क्वेअर चांगला आणि उत्तर अशक्य, असं असेल तर तीन ठिकाणी बघा.

पहिलं, ग्राफचा प्रकार. एक्सेलमध्ये "लाइन" आणि "स्कॅटर" हे दिसायला भाऊ-भाऊ, पण लाइन ग्राफ आडव्या अक्षावरच्या आकड्यांना निव्वळ नावं समजतो आणि ट्रेंडलाइन काढताना त्यांना १, २, ३, ४ असं धरतो. समजा स्टँडर्ड ०, २०, ४०, ६०, ८०, १०० मायक्रोग्राम आणि ओडी (उपकरणावरचा अ‍ॅब्झॉर्बन्सचा आकडा) दर २० ला ०.१२ ने वाढतो. स्कॅटरवर उतार ०.००६ येतो. नमुन्याचा ओडी ०.३० असेल तर प्रोटीन ५० मायक्रोग्राम. लाइनवर समीकरण येतं ०.१२ एक्स वजा ०.१२, आणि त्याच ओडीचं उत्तर येतं ३.५. आर-स्क्वेअर दोन्हीकडे तितकाच सुंदर. म्हणूनच हे सापडत नाही.

दुसरं, ग्राफवर छापलेलं समीकरण. खरा उतार ०.०००४६ असला तरी ग्राफवर ०.०००५ दिसतो. ओडी ०.३० ला पहिल्याने ६५२ येतात, दुसऱ्याने ६००. ग्राफवरचा आकडा उतरवून घेऊ नका. स्लोप आणि इंटरसेप्ट हे फॉर्म्युले वापरा, सगळे दशांश मिळतात.

तिसरं, मर्यादा. नमुन्याचा ओडी सर्वात वरच्या स्टँडर्डच्या वर असेल तर रेघ पुढे ओढून वाचायचं नाही. नमुना पातळ करा, पुन्हा मोजा, डायल्यूशनने गुणा. साध्या कलरीमीटरवर ओडी १ च्या वर गेला की रेघ वाकायला लागते हेही ध्यानात असू द्या.

तपासणी ६: टेस्ट तीच का? (एक तास)

"तुझा पी वेगळा, माझा वेगळा" याचं उत्तर बहुतेक वेळा टी-टेस्टच्या शेवटच्या आकड्यात असतं. एक्सेलच्या टी-टेस्टमध्ये टाइप १ म्हणजे पेअर्ड, २ म्हणजे दोन्ही ग्रुपचा व्हेरियन्स सारखा धरलेला, ३ म्हणजे सारखा न धरलेला. त्याच्या आधीचा आकडा टेल्सचा, १ की २ (फरक एकाच दिशेने शोधायचा की दोन्ही). टेल्समध्ये १ टाकला की पी निम्मा होतो. निकाल पाहून १ टाकणं म्हणजे परीक्षा झाल्यावर पेपर बदलणं.

पेअर्ड आणि अनपेअर्डचा फरक किती मोठा असतो ते समजायला उजनीच्या पाण्याचं एक कल्पित उदाहरण घेऊ. पाच ठिकाणं, विरघळलेला ऑक्सिजन मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये. पावसाआधी ६.१, ५.२, ७.०, ४.८, ६.४. पावसानंतर त्याच ठिकाणी, त्याच क्रमाने ६.६, ५.८, ७.३, ५.५, ६.९. अनपेअर्ड टेस्ट लावली तर पी सुमारे ०.३५. पेअर्ड लावली तर ०.००१४. ठिकाणाठिकाणांत मुळातच फरक मोठा आहे, आणि अनपेअर्ड टेस्टमध्ये पावसाने झालेला बदल त्याखाली गाडला जातो. ठिकाणं तीच असतील तर पेअर्ड हीच बरोबर. ठिकाणं वेगळी असतील तर ०.००१४ कितीही आवडला तरी तो तुमचा नाही.

दोनपेक्षा जास्त ट्रीटमेंट असतील तर जोड्या-जोड्यांनी टी-टेस्ट लावत बसू नका. पाच ट्रीटमेंटच्या दहा जोड्या होतात. प्रत्येकीला ५ टक्के चुकीची मुभा दिली तर दहांत निदान एक खोटा "सिग्निफिकंट" सापडण्याची शक्यता ४० टक्क्यांच्या आसपास जाते. आधी अनोव्हा (सगळ्या ग्रुपची एकत्र तुलना करणारी टेस्ट), मग सगळ्या जोड्या हव्या असतील तर ट्युकी, फक्त कंट्रोलशी तुलना हवी असेल तर डनेट. एक्सेलच्या टूलपॅकमध्ये अनोव्हा आहे, ट्युकी नाही. पास्ट, जामोव्ही, जास्प आणि आर ही चारही फुकट आहेत. प्राणिशास्त्र आणि पर्यावरणवाल्यांना पास्ट सोपं जातं. ज्यांना पुढे पीएच.डी. करायची आहे त्यांनी आर शिकूनच टाकावं.

आरमध्ये एक खड्डा आहे. ट्रीटमेंटला १, २, ३, ४, ५ अशी नावं दिली की आर त्यांना मोजमाप समजतं, जणू ट्रीटमेंट पाच ही ट्रीटमेंट एकच्या पाचपट आहे. ओळखायची खूण म्हणजे अनोव्हा टेबलमधला डीएफ (डिग्री ऑफ फ्रीडम). पाच ट्रीटमेंट असतील तर तिथे ४ हवेत. १ दिसला तर कॉलम फॅक्टर केलेला नाही. नावं "टी१", "टी२" अशीच दिली असती तर प्रश्नच आला नसता.

सॉफ्टवेअरने पी "०.०००" दाखवला तर तसाच छापू नका, "०.००१ पेक्षा कमी" लिहा. आणि पी ०.०५ च्या वर आला म्हणजे दोन्ही ग्रुप सारखे ठरले असं लिहू नका. तुमच्या एनने फरक दाखवता आला नाही, इतकंच.

तपासणी ७: एन किती? (शीटमध्ये नाही, प्रयोगात शोधा)

इथवर सगळं बरोबर असूनही पी संशयास्पद छोटा असेल तर दुखणं इथे आहे. आणि हे दुखणं सर्वात महाग.

प्रश्न असा विचारा: ट्रीटमेंट कशाला दिली? झाडाला दिली असेल तर एन म्हणजे झाडं. फ्लास्कला दिली असेल तर फ्लास्क. एका फ्लास्कमधून तीन वेळा पिपेटने काढून तीन ओडी घेतले तर ते तीन रेप्लिकेट नव्हेत, एकाच फ्लास्कची तीन वाचनं आहेत. त्यातून तुमचा हात किती स्थिर आहे ते कळतं, ट्रीटमेंटचं काही कळत नाही. सिद्धेश्वर तलावाच्या एकाच घाटावर, एकाच वेळी भरलेल्या तीन बाटल्यांचंही तेच. पेट्री डिशमध्ये २५ ज्वारीचे दाणे टाकले तर एन डिशचा, दाण्यांचा नाही.

तेल्याचं उदाहरण तपशिलात बघू, कारण डाळिंबावर काम करणारे इथे पुष्कळ आहेत. आकडे समजण्यापुरते. कंट्रोलची तीन झाडं, फवारणीची तीन झाडं, प्रत्येक झाडाची दहा पानं, प्रत्येक पानावरचे डाग मोजले. झाडांच्या सरासरी अशा: कंट्रोल १४, २२, १८ आणि फवारणी ११, १७, १४. म्हणजे १८ विरुद्ध १४. एकाच झाडाच्या पानापानांतला एसडी ५ धरू.

सगळी पानं सुटी धरून ३० विरुद्ध ३० अशी टी-टेस्ट लावली तर पी सुमारे ०.००८. टाळ्या. झाडांच्या सरासरी घेऊन ३ विरुद्ध ३ लावली तर ०.२४. दुसरंच उत्तर खरं आहे. एका झाडाची पानं एकाच मुळावर, एकाच सावलीत, एकाच ठिबकखाली वाढलेली असतात, त्यामुळे ती एकमेकांसारखीच वागणार. दहा पानांतून दहा झाडांइतकी माहिती मिळत नाही. याला स्यूडोरेप्लिकेशन म्हणतात. हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये हा शब्द रूढ केला, तेव्हापासून परीक्षकांच्या तोंडी तो आहे.

पकडायचं कसं? पुन्हा डीएफ. सहा झाडं, दोन ट्रीटमेंट, तर उरलेला डीएफ ४ असायला हवा. टेबलमध्ये ५८ दिसत असेल तर सॉफ्टवेअरने पानं मोजली.

दुरुस्ती सोपी आहे, पचायला जड आहे. प्रत्येक झाडाची सरासरी काढा आणि त्या सरासरींवर टेस्ट करा. पी वाढेल. वाढू द्या. पानं जास्त मोजल्याने त्या झाडाची सरासरी अधिक पक्की झाली, तो फायदा आहेच. पुढच्या खेपेला तीन झाडांची तीस पानं मोजण्यापेक्षा आठ झाडांची चार-चार पानं मोजा, श्रम तेवढेच आणि एन आठ.

तपासणी ८: बॅच आणि मे महिना (प्रयोग पुन्हा लावावा लागू शकतो)

रेप्लिकेट वेगवेगळ्या दिवशी लावले असतील आणि एसडी अफाट येत असेल तर प्रत्येक आकड्यापुढे तारीख लिहा आणि तारखेनुसार रंग द्या. एका रंगाचे ठिपके वर, दुसऱ्याचे खाली असे दिसले तर तो बॅचचा फरक.

सोलापूरला याचं एक खास कारण आहे. साध्या इनक्युबेटरमध्ये फक्त हीटर असतो, थंड करायची सोय नसते. मे महिन्यात बाहेर पारा चाळिशी ओलांडतो, खोली ३५ च्या पुढे जाते. त्यात तेल्याच्या झॅन्थोमोनास जिवाणूसाठी तुम्ही २८ लावलं तरी आत खोलीइतकंच तापमान राहणार. डायलवर २८ आणि आत ३६. जानेवारीच्या प्लेटवर झोन वेगळा, मेच्या प्लेटवर वेगळा. थंड करणारा बीओडी इनक्युबेटर वापरा आणि आत स्वतंत्र थर्मामीटर ठेवून रोज दोनदा नोंद करा. वीज गेल्याची वेळही लिहा. पातळ ओतलेल्या प्लेट उन्हाळ्यात सुकतात, झोन लहान-मोठा होतो, म्हणून प्रत्येक प्लेटमध्ये मोजून तितकंच मीडियम घाला.

प्रत्येक बॅचमध्ये स्वतःचा कंट्रोल असेल तर डेटा वाचतो. बॅच हा ब्लॉक धरून टू-वे अनोव्हा लावा, बॅचचा फरक वेगळा काढला जातो. पण कंट्रोल जानेवारीत आणि ट्रीटमेंट मेमध्ये असं झालं असेल तर फरक औषधाचा की उन्हाचा, हे जगातली कुठलीच टेस्ट सांगू शकत नाही. प्रयोग पुन्हा लावायचा.

छपाईआधी

ग्राफचा स्क्रीनशॉट लावू नका, ३०० डीपीआयची इमेज किंवा पीडीएफ काढा. इमेज व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवली की बारीक अक्षरं फुटतात, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. झेरॉक्सच्या दुकानात वर्ड फाइल देऊ नका, तिथल्या संगणकावर फॉन्ट आणि पानं सरकतात. लाल आणि हिरवा रंग काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये एकच राखाडी होतात. बार चार्टचा उभा अक्ष शून्यापासूनच हवा. थ्री-डी कुठेच नको. प्रत्येक ग्राफखाली चार गोष्टी: एन किती आणि कशाचा, बार एसडीचा की एसईएमचा, कोणती टेस्ट, आणि कोणते ग्रुप वेगळे ते दाखवायला बारवर लिहिलेल्या ए-बी-सी अक्षरांचा अर्थ.

इथे थांबा, जाणकार गाठा

पुढचं काही दिसलं तर यूट्यूब बंद करा.

एकाच झाडावर किंवा प्राण्यावर अनेक आठवडे मोजणी केली आहे. शेतात, बागेत, झाडात, फांदीत असे थरावर थर आहेत. निम्म्याहून जास्त मोजण्या शून्य आहेत. प्रयोगाच्या मधेच झाडं मेली किंवा नमुने गहाळ झाले आहेत. किती दिवस जगले हा डेटा आहे आणि शेवटी काही जिवंतच आहेत. रुग्णांची माहिती आहे. किंवा जीन सिक्वेन्सिंगच्या हजारो ओळी आहेत. यातल्या प्रत्येकाला वेगळं मॉडेल लागतं, आणि चुकीचं मॉडेलही निमूटपणे पी-व्हॅल्यू देतं, म्हणून स्वतः चाचपडत बसण्यात अर्थ नाही. तपासणी ७ नंतर एन दोनवर आला असेल तरीही थांबा, आधी गाइडशी बोला.

कुणाकडे जायचं? आधी आपल्याच कॉलेजातल्या किंवा विद्यापीठातल्या संख्याशास्त्राच्या शिक्षकांकडे. शेतातला प्रयोग असेल तर कृषी संशोधन केंद्रातल्या संख्याशास्त्रज्ञाला आरबीडी, स्प्लिट प्लॉट ही शेतातल्या प्रयोगांच्या आराखड्यांची भाषा रोजची असते. रुग्णांचा डेटा असेल तर वैद्यकीय महाविद्यालयाचा जनऔषधवैद्यक विभाग.

जाताना तपासणी १ मधली मूळ फाइल, प्रयोगवही आणि एक कागद न्या. कागदावर हाताने आराखडा काढा: किती झाडं, कोणत्या झाडाला काय दिलं, कुणी ठरवलं की चिठ्ठ्या टाकल्या, कधी मोजलं, काय फुकट गेलं. वर एका वाक्यात प्रश्न लिहा, उदाहरणार्थ "फवारणीने पानावरचे डाग कमी होतात का?" "सर, एवढा पी कमी करून द्या" हे वाक्य घेऊन गेलात तर कोरा चहा पाजून परत पाठवतील. सबमिशनच्या आदल्या संध्याकाळी जाऊ नका, निदान तीन आठवडे हातात असू द्या, म्हणजे दोन फ्लास्क पुन्हा लावा म्हणाले तर लावता येतील.